जावळाच्या कट्ट्यानिमित्ताने दोन शब्द

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत लिपिक आहे, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. दुसऱ्याचे म्हणणे कागदावर नीट उतरविणे हे माझे काम. स्वतःचे म्हणणे उभे राहून सांगण्याची सवय नाही. परंतु समितीची आज्ञा झाली की, पिंपळाखाली जावळाचा जो नवा कट्टा बांधला आहे तो तुमच्या घरच्या देणगीतून झाला, तेव्हा त्यावर तुम्हीच बोला. म्हणून उभा राहिलो आहे. चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकांचे जावळ त्याच पिंपळाखाली निघाले आहे. तेव्हा कट्टा नव्हता. पिंपळाच्या मुळीवर पोते टाकायचे, मामाने भाच्याला मांडीवर घ्यायचे, चुलत्याने हात धरायचे, आणि पोराने टाहो फोडायचा. पावसाळ्यात तेथे चिखल व्हायचा आणि पाणी आणायला आडावर जावे लागायचे. आता शहाबादी फरशी आहे, नळ आहे, वर पत्र्याची सावली आहे. पोरे मात्र रडायची थांबणार नाहीत, तेवढे समितीच्या हाती नाही.

माणसाच्या आयुष्यात डोके करण्याचे प्रसंग थोडेच. पहिले जावळ. ज्यांच्यात मुंज आहे त्यांच्यात मुंजीला. कोणी संन्यास घेतला तर त्याला. कोणाचा नवस असतो. आणि आई-बाप गेले की दहाव्याला नदीवर. या सगळ्यांत गोष्ट एकच असते. कालचा माणूस संपला आणि आजपासून हा निराळा आहे, हे तोंडाने न बोलता चारचौघांना कळते. एस.टी. स्टँडवर डोके केलेला मनुष्य दिसला तर अनोळखी माणूससुद्धा जवळ येऊन हळू विचारतो, "कोण गेलं, पाव्हणं?" असे विचारायला ओळख लागत नाही.

माझे वडील २००१ साली गेले. कचेरीत शिपाई होते, नोकरीतच गेले. मी तेव्हा बावीस वर्षांचा. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मी थोरला म्हणून दगडावर बसलो. आपल्या गावचे नाभिक तात्या, आता ते हयात नाहीत, त्यांनी डोक्यावर पाणी मारून वस्तरा लावला. पलीकडे पंधरा-वीस हातांवर बायका आईला घेऊन बसल्या होत्या. मला दिसत नव्हते, कारण मान खाली होती. बांगड्या दगडावर फुटल्याचा आवाज मात्र आला. मी दचकून मान वर केली. तात्यांनी वस्तरा बाजूला घेतला आणि म्हणाले, "मान हलवू नगंस बाळा, लागंल." तेही क्षणभर थांबले होते, एवढे मला कळले.

तेराव्याला मामांनी मला टोपी घातली. सोयऱ्यांनी टॉवेल-टोपी दिली. भावकीतले वडीलधारे पाठीवर हात ठेवून म्हणाले, आता घरचा कारभारी तू. ज्या माणसाला मी आदल्या महिन्यापर्यंत भिऊन होतो, तो मला "अहो" म्हणू लागला. आईला तिच्या भावाने एक फिक्या रंगाचे लुगडे दिले. ती आत बसून होती. एकाच माणसाच्या जाण्याने दोघांची खूण झाली होती. माझ्या खुणेने मला घर मिळाले, तिच्या खुणेने तिचा त्याच घरातला मान गेला. माझे केस दोन महिन्यांत कंगवा लागण्याइतके आले. आईचे कपाळ अजून तसेच आहे.

पुढे अनुकंपा तत्त्वावर नोकरीसाठी अर्ज करावयाचा होता. फोटो काढला तो टकलाचाच, टोपी काढायला लावून. तोच फोटो पुढे माझ्या सेवापुस्तकावर चिकटला आणि आजही आहे. नवीन आलेले साहेब पुस्तक उघडून हसतात. आधी शिपाई लागलो, टंकलेखनाची परीक्षा देऊन लिपिक झालो. आता एक गोष्ट सांगतो, जी मी बरीच वर्षे बोललो नाही. त्या नोकरीवर माझ्याआधी आईचा हक्क होता. तिने संमतीपत्रावर सही केली म्हणून ती मला मिळाली. चौथी शिकलेली बाई, सही करायला बराच वेळ लागला. मी शेजारी उभा राहून कारकुनाला म्हणत होतो, घाई आहे.

कचेरीत या विषयाशी माझा रोजचा संबंध येतो. केस नुकते फुटू लागले आहेत असा मनुष्य दारात आला की आम्हाला आधीच कळते, वारस नोंदीचे काम. हातात मृत्यूचा दाखला असतो. त्याला विचारावे, वारस कोण कोण? तो म्हणतो, "मीच की भाऊसाहेब, डोकं मीच केलंय." आई आहे का? आहे. बहिणी? दोन आहेत, दिल्या घरी सुखी आहेत. मग त्यांची नावे? तो माझ्याकडे असा पाहतो, जणू मी भलतेच काही विचारले. तो लबाड नसतो. त्याला खरोखरीच वाटते की ज्याच्या डोक्यावर वस्तरा फिरला, सात-बारा त्याचा.

येथे मंडळी जमली आहेत म्हणून सांगून ठेवतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशात तो २००५ साली आला. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या सबंध कामात डोके केले होते की नाही हे विचारणारा रकाना कोठेही नाही. बहिणीने राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून दिले तर कायदा आडवा येत नाही. परंतु राजीखुशी म्हणजे काय, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. भाऊबीजेच्या साडीवर सही घेतलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. असो.

मूळ विषयाकडे येतो. एके काळी बाईचेही डोके करीत, आणि ते तिच्या मनाने नव्हे. नवरा गेला की ब्राह्मण घरांतून व त्यांचे पाहून चालणाऱ्या काही घरांतून विधवेचे केशवपन होई. वय आठ असो की ऐंशी. केस वाढले की पुन्हा वस्तरा, जन्मभर. लाल आलवण नेसायचे, एक वेळ जेवायचे, शुभकार्यात पुढे यायचे नाही. आमच्या लहानपणी गावच्या जुन्या वाड्यात अशी एक अगदी थकलेली आजी होती. डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे. आम्हा पोरांना खडीसाखर द्यायची, पण हातावर वरून टाकायची. तात्या सांगत की त्यांचे वडील त्या वाड्यात मागल्या दाराने जात, आणि त्या दिवशी घरी येऊन कोणाशी बोलत नसत.

ही चाल मोडण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांतील कितीतरी माणसे आपल्याच मातीतील आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी या दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. गोपाळ गणेश आगरकर कराड तालुक्यातील टेंभूचे. टेंभू म्हटले की आता आपल्याला उपसा सिंचनाची योजना आठवते, पण १८५६ साली तेथे जन्मलेल्या या माणसाने 'सुधारक' पत्रातून केशवपनावर आसूड ओढले. इकडे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या चालीवर त्यांनी 'शारदा' नाटक लिहिले, ते १८९९ साली रंगभूमीवर आले. कोवळ्या विधवा होत कशा, याचे उत्तर त्या नाटकात आहे.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती १८९० सालची मुंबईची गोष्ट. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे तेच, यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बंधूंची सभा भरली. शेकडो लोक जमले. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालविणार नाही, असे तेथे ठरले. हे करणारे कोणी शास्त्री-पंडित नव्हते, साहेब नव्हते. हातावर पोट असलेली माणसे होती. गिऱ्हाईक तुटेल, दमदाटी होईल, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. एका दिवसात चाल मोडली नाही, पुढे कित्येक वर्षे ती चालू होती. परंतु वस्तरा ज्याच्या हातात, त्यानेच नाही म्हटले. आपल्या गावातील नाभिक बंधू येथे बसले आहेत, त्यांना आपल्या वाडवडिलांची ही गोष्ट ठाऊक असावी म्हणून मुद्दाम सांगितली.

केशवपन गेले. आपल्या बहुतेक घरांत ते नव्हतेही, आणि त्याचा आपण अभिमान सांगतो. पण बांगड्या? कुंकू? हळदी-कुंकवाला न बोलाविणे? बांगड्या फोडायला हात लागतातच, आणि ते घरातल्या, गल्लीतल्या बायकांचेच असतात. माझ्या आईच्या बांगड्या फोडणाऱ्या दोघीही स्वतः विधवा होत्या. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही कोणीतरी फोडल्याच होत्या.

सांगलीहून फार दूर नाही, शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, गावात पती निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार बंद. कोरोनाने घरोघरी तरण्या पोरी विधवा केल्या, त्यानंतरची ही गोष्ट. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. ते परिपत्रक कचेरीत मी स्वतः वाचले आहे. परिपत्रके आमच्याकडे पुष्कळ येतात आणि फाईलला लागतात. गावाने केलेला ठराव निराळा, तो दहाव्याच्या दिवशी घाटावर कसाला लागतो.

आता कट्ट्याकडे येतो आणि संपवितो. कट्ट्याला जे पैसे लागले ते आईचे आहेत. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून तिने साठविलेले. मी त्यात एक पैसा घातलेला नाही. समितीने शिलेवरचा मजकूर मागितला तेव्हा मी कचेरीतल्या सवयीने कागद ओढला आणि लिहिले की, कै. वडिलांच्या स्मरणार्थ, त्यांचे चिरंजीव अमुक व अमुक यांजकडून. म्हणजे माझे आणि धाकट्याचे नाव. बहिणींचे नाही, आईचे नाही. दिवसभर लोकांना "आईचे नाव लावले का" म्हणून विचारणारा मी! पाथरवट मजकूर वाचून सहज म्हणाला, "पैसे द्यायला तर तुमच्या आई आल्या होत्या." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आईला सांगितले तर ती म्हणाली, राहू दे, माझं नाव कशाला दगडावर. नको म्हणायची तिला इतकी वर्षे सवय. मी ऐकले नाही. नवा मजकूर दिला, त्यात पहिले नाव तिचे आहे, मग आम्हा चौघा भावंडांची वयाप्रमाणे. कोरून झालेल्या दोन ओळी फुकट गेल्या, त्याची मजुरी मी पाथरवटाला वेगळी दिली आहे, समितीच्या हिशेबात ती धरू नये.

येत्या पौर्णिमेला त्या कट्ट्यावर पहिले जावळ निघणार आहे. पोर माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे. बाळाला औक्षण आई करणार आहे, पणजीच्या नात्याने, हिरव्या बांगड्या भरून. बांगड्या मी आणल्या आहेत, अजून डब्यात आहेत. ती हो म्हणाली आहे, पण दोनदा विचारले, "देवळात चालंल का?" म्हणून मी आज सर्वांसमक्ष विचारत आहे. गुरव काकांना विचारले, ते म्हणाले, नाथाची काही हरकत नाही. गावाची असेल तर आज सांगावी. ज्यांना पटत नसेल त्यांनी ओवाळण्याच्या वेळी आले नाही तरी माझा राग नाही, जेवायला मात्र सर्वांनी यावे. पंगत दुपारी बाराला सभामंडपात बसेल.

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!