रुग्णाचे गुपित आणि कळवण्याचे कर्तव्य

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा वैद्यकीय व्यवसायाचा मूळ नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने त्याला तीन अपवाद ठेवले: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवण्याचे आजार. वसई-विरारसारख्या दाट वस्तीच्या शहरात डॉक्टरांचा या अपवादांशी वारंवार संबंध येतो.

क्षयरोगाची नोंद ७ मे २०१२ च्या आदेशाने बंधनकारक झाली. २०१८ च्या राजपत्राने प्रयोगशाळा आणि औषध दुकानदारांवरही ती जबाबदारी टाकली. सरकारच्या निक्षय पोर्टलवर रुग्णाचे नाव, पत्ता, मोबाईल नंबर जातो. मग आरोग्य कर्मचारी पाठपुराव्यासाठी घरी येतो. नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत त्याने "टीबीचा पेशंट कुठे राहतो?" एवढेच शेजाऱ्याला विचारले, तरी गुपित फुटते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मग घरमालकाची धास्ती. कायद्याने माहिती आरोग्य यंत्रणेला द्यायला सांगितली आहे, चाळीला नव्हे.

एचआयव्हीबाबत कायद्याचा कल गोपनीयतेकडे आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होणाऱ्या जोडीदाराचे आरोग्य रुग्णाच्या गोपनीयतेपेक्षा वरचे मानले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मात्र माहिती उघड करण्यासाठी संमतीचा नियम घातला. जोडीदाराला सांगण्याची मुभा आहे, पण आधी रुग्णाचे समुपदेशन व्हावे, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री पटावी आणि आपण सांगणार असल्याचे त्याला कळवावे, अशा अटी आहेत.

सर्वांत अवघड प्रसंग अल्पवयीन मुलीचा. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली, लग्न झालेली पण अठरा पूर्ण न झालेली मुलगी गर्भवती होऊन दवाखान्यात आली, तर बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावेच लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्न हा बचाव नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने तो संपवला. नवऱ्याला अटक होईल या भीतीने घरचे तिला दवाखान्यात आणायचेच टाळू शकतात. त्याच न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने काहीसा दिलासा दिला: गर्भपातासाठी आलेल्या मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरला तिचे नाव पोलिसांना सांगावे लागत नाही. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीचा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटलेला नाही. तिलाही तेच संरक्षण मिळावे, ही मागणी वैद्यक संघटनांनी लावून धरायला हवी.

धाकाने माहिती मिळत नाही, हे महाराष्ट्राने १८९७ च्या प्लेगात पाहिले आहे. पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या आणि लोक रुग्ण लपवू लागले.

म्हणून डॉक्टरांच्या वागण्याचा क्रम ठरतो. प्रथम उपचार, पोलिसांची वाट पाहत ते अडवून ठेवता येत नाहीत, आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेवर तर ते तातडीने व मोफत करणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. मग काय कळवावे लागेल, कोणाला आणि का, हे रुग्णाला त्याच्या भाषेत एकांतात समजावणे. त्यानंतर कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यालाच, कायदा मागतो तेवढेच, लेखी कळवून पोच घेणे. केसपेपर कुलपात राहावा आणि स्वागतकक्षात आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले जाऊ नये, ही जबाबदारीही दवाखाना चालवणाऱ्याचीच.