रोज दारात जाणारी विधवा

कुणाची चूल पेटली असेल, कुणी नुकतीच धार काढून आली असेल. हातातलं काम थांबवू नका, काम करता करता ऐका.

आज आम्ही प्रार्थनेविषयी बोलणार आहोत. प्रार्थना कशी करावी हे सांगायला आलो नाही, ते ज्याचं त्याला येतं. पण एकच मागणं वर्षानुवर्षं मागितलं आणि काहीच हललं नाही, तर काय करायचं? आमच्या गटात हा प्रश्न आमच्याच एका चुकीतून उभा राहिला. ती चूक पुढे सांगतो.

आधी प्रभू येशूनं सांगितलेली गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात आहे. एका गावात एक न्यायाधीश होता. त्याला देवाचं भय नव्हतं आणि माणसांची पर्वा नव्हती. त्याच गावात एक विधवा राहायची. तिच्यावर कुणीतरी अन्याय केला होता. काय अन्याय, ते शास्त्रात लिहिलेलं नाही, पण आपल्याला काय सांगायला हवं? जमिनीचं असेल, नाहीतर घराचं. तिच्या पाठीशी माणूस नाही, गाठीला पैसा नाही. ती एवढंच करायची: त्याच्या दारात जायची आणि म्हणायची, मला न्याय द्या. तो हाकलायचा. ती पुन्हा यायची. शेवटी तो वैतागला आणि मनाशी म्हणाला, हिला न्याय देऊन टाकावा, नाहीतर ही माझा पिच्छा पुरवील. पाळकसाहेबांनी सांगितलं, की इथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं असा होतो. तेव्हा आम्ही सगळ्याजणी इतक्या हसलो, की सभा पाच मिनिटं थांबली.

पण या गोष्टीचा अर्थ आम्ही बरीच वर्षं उलटा धरला होता. आम्हाला वाटायचं, देव त्या न्यायाधीशासारखा, त्याला कंटाळा येईपर्यंत मागायचं. प्रभू म्हणतो ते वेगळंच आहे. असला दगड माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर ज्यानं तुम्हाला घडवलं तो का ऐकणार नाही? आणि दुसरी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. ती बाई घरी बसून मागत नव्हती. ती चालत जात होती.

आता आमची चूक. गटातल्या एका बहिणीचा मुलगा आजारी होता. आम्ही सगळ्यांनी मिळून उपास धरले, रात्री जागून प्रार्थना केल्या. दवाखानाही चालू होता. मुलगा गेला. आणि महिन्याभरानं, तिच्यासमोर, आमच्यातल्याच कुणीतरी म्हटलं, की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. बाकीच्या आम्ही गप्प बसलो. म्हणजे आम्ही सगळ्यांनीच म्हटलं, असंच धरा. ती बहीण दोन वर्षं प्रार्थनेला आली नाही. वाटेत भेटली तरी मान वळवायची, आणि तिचं बरोबर होतं.

शास्त्र नीट वाचलं असतं, तर आमची जीभ तशी वळली नसती. पौलानं आपल्या देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूनं तेच मागणं तीनदा मागितलं, हा प्याला माझ्यापासून जाऊ दे म्हणून. प्याला गेला नाही. त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

पंडिता रमाबाईंचंच बघा. पुणे जिल्ह्यातलं केडगाव, तिथलं मुक्ती मिशन बऱ्याच जणींना ऐकून माहीत असेल. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत देशभर पायी फिरल्या. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला वाटतं, झालं, देव सापडला. पण त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे, की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. एवढी विद्वान बाई, आणि तरी शोधत राहिली. आम्हाला हे ऐकून धीर आला, खोटं कशाला बोला.

1905 सालच्या सुरुवातीला त्यांनी मुक्तीतल्या बायकांना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं. सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा पाचशेच्या वर गेला, आणि जूनच्या अखेरीस तिथे मोठं संजीवन झालं. या बायका काही नुसत्या गुडघे टेकून बसलेल्या नव्हत्या. मुक्तीत शेती होती, हातमाग होते, छापखाना होता. पुढे त्याच छापखान्यात तिथल्या मुलींनी बायबलचे खिळे जुळवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते भाषांतर केलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. ते काम चालू असतानाच, जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, चाळिशीची होती. लेकीच्या आजारात रमाबाईंनी प्रार्थना केली नसेल का? लेक गेली, आणि त्या पुन्हा भाषांतराला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं.

हे सगळं वाचल्यावर आम्ही चौघी त्या बहिणीच्या घरी गेलो. माफी मागितली. ती काही बोलली नाही, चहा केला. पुढे तीन महिन्यांनी एका बुधवारी ती आपणहून येऊन मागच्या बाजूला बसली. अजूनही ती मोठ्यानं प्रार्थना करत नाही, आणि आम्ही तिला कर म्हणत नाही.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. मागणं काय, कधीपासून, आणि त्यासाठी आपण कुठे जायचं, असे तीन रकाने. आजारपण असलं तर तिसऱ्या रकान्यात दवाखान्याचा वार येतो. नवऱ्याची दारू असली तर त्या घरी संध्याकाळी कुणी जाऊन बसायचं, ते येतं. काही मागण्यांपुढे तो रकाना कोराच आहे. तिथे नुसतं रडायचं असतं, तेही सोबतीनं.

सध्या वहीत सर्वांत जुनं मागणं एका विधवा बहिणीच्या वारसनोंदीचं आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव लागावं म्हणून तीन वर्षं प्रार्थना चालू आहे, हेलपाटेही चालू आहेत. दर वेळी एक नवा कागद कमी पडतो. पूर्वी ती एकटी जायची. आता दोघी बरोबर असतात, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय आम्ही हलत नाही. येत्या मंगळवारी पुन्हा जायचं आहे. पहिली एसटी सव्वासातला सुटते, त्याआधी देवळात पंधरा मिनिटं बसायचं ठरलं आहे.