मुलांच्या देखत
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



या मंगलप्रसंगी पालकांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी नम्रपणे शिरोधार्य मानतो. मुलांना वळण कसे लावावे, असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. आज मी आपणांस उलट प्रश्न विचारतो : मुलांच्या देखत आपण पतिपत्नी परस्परांशी कसे वागतो?

आपली वस्ती श्रमजीवी लोकांची. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने हे बजाजनगर वाढले. पोटासाठी खेडी सोडून कुटुंबे येथे आली. आजी-आजोबा बहुधा गावीच राहिले. पूर्वी आईबापांत बेबनाव झाला, तर मूल आजीच्या पदराआड जाई. आता एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, निद्रा आणि भांडणही! रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा निजतो, आणि ‘गप्प बसा, बाबा उठतील,’ हे ऐकत मूल वाढते. बापाची पहिली ओळख त्याला भीतीच्या रूपाने होते. दोष कोणा एकाचा नसेल. भोग मात्र मुलाचा असतो.

मूल उपदेश ऐकते थोडे, पाहते फार. १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीकडून मोठ्या बाहुलीला मारविले व दरडावविले. पुढे ती बाहुली हाती येताच त्यांतील पुष्कळ मुलांनी तेच प्रहार केले आणि काहींनी तेच शब्द उच्चारले. हा प्रयोग वाचनात येण्यापूर्वीच मला त्याची प्रचीती घरी आली होती. माझी पाच वर्षांची कन्या आपल्या बाहुलीला म्हणत होती, ‘किती वेळा सांगायचं? माहेरी हेच शिकवलं का तुला?’ ते शब्द माझे होते. त्या दिवशी माझी मान खाली गेली.

कलहाच्या घरातले एक मूल शाळेत हात उगारते. दुसरे अबोल होते, झोपेत दचकते, अभ्यासात मागे पडते. कित्येकांना तर आपल्यामुळेच आईबाबा भांडतात असे वाटते. आपण मात्र मुलालाच वात्रट ठरवून शिक्षा करतो.

शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला आणि मरिया व योसेफ तीन दिवस त्याला शोधीत फिरले. मंदिरात तो सापडल्यावर मातेने आपली व्यथा सांगितली. परंतु योसेफाला बोल लावला नाही. त्याचाही उल्लेख करून, दोघांनीही शोधले, असेच ती म्हणाली. असे एकचित्त आईबाप ज्या घरी होते, त्या नाझरेथला बाळ येशू परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

मतभेद कोणत्या घरी नाहीत? मुलांनी भांडण पाहिले असेल, तर समेटही त्यांच्या देखतच व्हावा. म्हणजे तुटलेले जोडता येते, हे ती शिकतात. मात्र मारहाण मुकाट्याने सोसणे म्हणजे क्षमा नव्हे. अशा भगिनीने धर्मगुरूंपाशी, आप्तांपाशी आणि कायद्यापाशी निःसंकोच मदत मागावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कुटुंबांना तीन साधे शब्द सांगितले : विनंतीचा, आभाराचा आणि क्षमेचा. तिसरा उच्चारताना आम्हां पुरुषांची जीभ अडखळते. मीही तो कन्येसमक्ष तिच्या आईपाशी उच्चारला, तेव्हा मुलीने बाहुली खाली ठेवली आणि आम्हां दोघांकडे टक लावून पाहिले.

सूर्यास्तापूर्वी राग सोडावा, अशी संत पौलाची शिकवण आहे. पाळीवर जाणाऱ्याने तो उंबरठा ओलांडण्यापूर्वी सोडावा. मंदिराचा महोत्सव आपण साजरा करीत आहोत. प्रत्येक खोलीत प्रभूला राहावेसे वाटो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.