एकाच तळ्याकाठचा चित्रकार: आबालाल रहिमान

लोकलमध्ये उभे असाल तर एक हात दांडीला धरा आणि ऐका.

आज आबालाल रहिमान. मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत गावी गेले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. दरबारची कामं त्यांनी केलीच, पण जीव रमला तो कोटीतीर्थ तलावाकाठी. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याचा संध्यामठ, कोटीतीर्थाचं पाणी. तीच जागा, पुन्हा पुन्हा. कारण सकाळचं पाणी वेगळं आणि ढग दाटले की वेगळं. जवळून बघितलं तर रंगाचे सुटे फटकारे दिसतात, चार पावलं मागे आलं की पाणी हलायला लागतं.

त्याच्या थोडं आधी तिकडे हॉलंडमध्ये अँटन माउव्ह नावाचे चित्रकार लारेन गावच्या माळावरची मेंढरं अशीच परत परत रंगवत होते. व्हॅन गॉगला सुरुवातीला रंग हाताळायला शिकवलं ते यांनीच. दोघांची ओळख असण्याचा प्रश्नच नाही, पण सवय एकच: तीच जागा पुन्हा पुन्हा, नीट बघायची.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थातच सोडून दिली, असं सांगतात. १९३१ साली तेही गेले. जी चित्रं उरली, त्यांच्यामुळे तेव्हाचं कोल्हापूर आज आपल्याला दिसतं.

आता माझं सांगतो. डोंबिवलीत आमच्या जुन्या चाळीमागे एक छोटं तळं होतं. म्हशी डुंबायच्या. मी कॉलेजात असताना ते बुजवलं, आता तिथे पार्किंग आहे. परवा बाबांनी विचारलं, ‘त्या तळ्याचा एखादा फोटो आहे का रे?’ माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. तळ्याचा एकही नाही. रोज दिसायचं, म्हणून कधी बघितलंच नाही.

गेल्या रविवारी कल्याणच्या काळ्या तलावावर वही घेऊन बसलो. चित्र भिकार आलं. पण तासाभरात पाण्याचा रंग तीनदा बदलला, हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

ठाण्यात असाल तर मासुंदा आहे, उपवन आहे. दहा मिनिटं बसा, फोन खिशात ठेवून. हो, हा एपिसोड संपल्यावर! भेटू पुढच्या भागात.