प्रौढांचा तीव्र फुप्फुसदाह



कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं सकाळीं माझ्या मावसभावाचा टेलिफोन आला. "आईनें कालपासून जेवण टाकलें आहे, आणि मघांपासून ती सूनबाईला तुझ्या आईच्या नांवानें हांक मारते आहे." मीं विचारलें, ताप आहे काय? नव्हता. खोकला? थोडासा, नेहमींचाच. मावशीचें वय त्या वेळीं ७८. वैद्यकांत तीस वर्षें घालविलेल्या माणसानें, म्हणजे मीं, सांगितलें कीं हा वयाचा परिणाम. लिंबू-साखरेचें पाणी पाजा, उद्यां पाहूं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी तिच्या उशाशीं बसलों आणि घड्याळ पुढें धरून तिचे श्वास मोजले. ते मिनिटाला ३४ भरले. निरोगी प्रौढ माणूस विसांव्याला असतां मिनिटाला १२ ते २० वेळां श्वास घेतो. हातचा गेलेला तो जो एक दिवस, त्याविषयींच आज बोलावयाचें आहे.

फुप्फुसदाह, म्हणजे ज्याला घरोघरीं न्यूमोनिया म्हणतात तो, हा फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचा रोग आहे. रोगजंतु तेथें शिरले, कीं ह्या पिशव्या पाण्यानें व पुवानें भरतात. रक्त त्यांच्या कडेनें पूर्वींप्रमाणेंच वाहतें, पण प्राणवायु न घेतांच परत फिरतें. ती तूट भरून काढण्यासाठीं रोगी घाईनें श्वास घेऊं लागतो. पुढें विकार रक्तांत पसरला, तर रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडें थकतात आणि मेंदू गोंधळतो. म्हणून रोगाची तीव्रता केवळ क्ष-किरणांच्या चित्रांतील डागावरून ठरत नाहीं. बाकीचें शरीर तो भार कसा वाहतें आहे, हें पाहावें लागतें.

प्रतिजैविकें येण्यापूर्वीं ह्या रोगांत वैद्य व घरचीं माणसें सातव्या-आठव्या दिवसाची वाट पाहत बसत. त्या सुमारास ताप एकाएकीं घाम येऊन उतरे, किंवा रोगी जाई. आधुनिक वैद्यकाचे थोर अध्यापक सर विल्यम ऑस्लर १९१९ सालीं ह्याच रोगाच्या उपद्रवांनीं वारले. १९३८ च्या सुमारास सल्फा औषधें आलीं. डिसेंबर १९४३ मध्यें चर्चिलसाहेब उत्तर आफ्रिकेंत आजारी पडले, तेव्हां त्यांना तींच देण्यांत आलीं. मागोमाग पेनिसिलिन आलें, आणि १९५४ सालीं तर पुण्याजवळ पिंपरीस त्याचा सरकारी कारखानाच स्थापन झाला. तरीहि माणसें दगावतात. ह्याचीं कारणें अनेक; पण घरच्या माणसांच्या हातांतलें कारण एकच, आणि तें म्हणजे उशीर.

तो टाळावयाचा कसा? ब्रिटन, न्यूझीलंड व नेदर्लंड्स येथील रोग्यांच्या अभ्यासावरून २००३ सालीं एक सोपी कसोटी प्रसिद्ध झाली. तिच्यांत पांच गोष्टी पाहतात. नव्यानें उद्भवलेला बुद्धिभ्रम. मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास. वरचा रक्तदाब ९० च्या खालीं, अथवा खालचा ६० किंवा त्याहून कमी. वय ६५ किंवा अधिक. आणि रक्तांतील युरियाचें वाढलेलें प्रमाण. पांचांपैकीं तीन जुळल्या, तर रोग तीव्र समजावा. युरिया सोडला तर बाकीच्या चार घरींहि पाहतां येतात. माझ्या मावशीच्या बाबतींत त्यांतील दोन मला टेलिफोनवरच कळल्या होत्या! मीं ताप विचारला, आणि नाहीं म्हटल्यावर निश्चिंत झालों. वृद्धांना ह्या रोगांत पुष्कळदां ताप येतच नाहीं. जेवण टाकणें, असंबद्ध बोलणें, उभ्याउभ्या पडणें एवढ्याच खुणा असूं शकतात.

श्वास मोजावयाचे तर रोग्याला न सांगतां मोजावे, नाहीं तर तो श्वासाची चालच बदलतो. पांघरुणाचें वरखालीं होणें पाहावें, आणि पुरें एक मिनिट मोजावें. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आतां पुष्कळ घरांत आहे. एरवीं निरोगी असलेल्या माणसाचा आंकडा ९४ च्या खालीं गेला, तर त्याच दिवशीं वैद्य गांठावा; ९२ च्या खालीं उतरला, तर थेट रुग्णालय. मात्र बोटें गार असलीं किंवा नखें रंगविलेलीं असलीं, तर तें यंत्र फसवितें; सांवळ्या कातडीवर तें कधीं कधीं आंकडा खऱ्याहून चढाहि दाखवितें. ऑक्सिमीटर ९६ म्हणत असेल आणि रोग्याला एक वाक्य एका दमांत पुरें करतां येत नसेल, तर विश्वास रोग्यावर ठेवावा.

ग्लानींत असलेल्याला चमच्यानें दूध-पाणी पाजूं नये. तें फुप्फुसांत उतरतें. मावशीला लिंबाचें पाणी पाजावयास सांगून मीं दुसरी चूक केली होती. रात्रभर तळमळतो म्हणून झोंपेची गोळीहि देऊं नये, कारण ती तळमळ बहुधा प्राणवायूच्या तुटीची असते. आणि कपाटांतलीं मागील आजारांतलीं उरलेलीं प्रतिजैविकें? त्यांच्यापैकीं कांहीं क्षयाच्या जंतूंनाहि अर्धवट दाबून टाकतात, आणि मग खरा रोग महिना-महिना लपून राहतो. आपल्या देशांत हा धोका काल्पनिक नव्हे.

रुग्णालयांत प्रथम प्राणवायु देतात, रक्त व थुंकी तपासणीस पाठवितात, आणि तपासणीच्या निकालाची वाट न पाहतां प्रतिजैविकें सुरू करतात. तीव्र रोगांत बहुधा दोन निरनिराळ्या जातींचीं औषधें एकदम देतात. कोणता जंतु आहे तें कळल्यावर एक थांबवितां येतें. अलीकडची नवी भर स्टेरॉइडची. अतिदक्षता विभागांतील तीव्र रोग्यांना हायड्रोकॉर्टिझोन दिल्यानें २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आलें, असें फ्रान्समधील २०२३ च्या प्रयोगांत दिसलें. इन्फ्लुएंझानें झालेल्या दाहाला मात्र तें लागू नाहीं, आणि घरीं कोणीं आपल्या मनानें स्टेरॉइड घेणें तर सर्वस्वीं निराळें व घातक.

नाकावाटे वेगानें दिलेला प्राणवायु पुरेनासा झाला, तर घशांत नळी घालून श्वसनयंत्र लावावें लागतें. अशा रोग्यांपैकीं ज्यांचीं फुप्फुसें फारच बिघडलीं आहेत, त्यांना दिवसांतून निदान १६ तास पालथें निजवितात. विचित्र वाटेल, पण २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत एवढ्यानेंच मृत्यूंचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. ह्या टप्प्यावर डॉक्टर घरच्यांना विचारतात, यंत्र लावावयाचें काय? पुष्कळांना वाटतें, आशा सुटल्याचीच ही सूचना. तसें नाहीं. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला यंत्र म्हणजे पूल असतो; पलीकडे तीर असतो. अनेक वर्षें अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या वृद्धेला तो तीर असेलच असें नाहीं. तिची स्वतःची इच्छा काय होती, हें घरांत कोणाला ठाऊक असलें, तर तो प्रसंग पुष्कळ सुसह्य होतो. आमच्या घरीं कोणाला ठाऊक नव्हतें. सुदैवानें विचारण्याची वेळ आली नाहीं. नाकावाटेच्या प्राणवायूवर मावशी तरली.

घरीं आल्यावर रोग संपला असें मात्र समजूं नये. थकवा कित्येक महिने टिकतो, आणि ह्या काळांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवींपेक्षां अधिक असतो. पन्नाशीपुढच्यांनीं, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनीं, सहा आठवड्यांनीं छातीचें चित्र पुन्हां काढून घ्यावें. दाहाच्या आड कधीं कर्करोग दडलेला असतो. न्यूमोकॉकसची लस व दरवर्षींची इन्फ्लुएंझाची लस ह्यांविषयीं आपल्या डॉक्टरांना त्याच भेटींत विचारावें.

मावशी अठराव्या दिवशीं घरीं आली. जिना चढावयास तिला तीन महिने लागले. सूनबाईला ती आतां तिच्याच नांवानें हांक मारते. मला मात्र, कोणी पाहुणा बसलेला असला म्हणजे मुद्दाम विचारते, "काय रे, लिंबाचें पाणी कोणत्या रोगावर देतोस?"