लसीनंतरचा अर्धा तास

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. जनावरांच्या आजारांवर बोलण्याचा अधिकार पशुवैद्यकांचा. तरीही आज लसीकरणाविषयी बोलणार आहे, कारण या बाबतीत मला ठेच लागली आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या हेतूने ऐकावे.

आमच्या मळ्यात खंड्या नावाचा कुत्रा होता. सात वर्षे त्याने राखण केली. भुईमुगात रानडुकरे शिरली की आधी त्याला कळे. मागच्या वर्षी लस टोचल्यावर त्याचे तोंड सुजले होते. संध्याकाळी सूज उतरली आणि आम्ही ती गोष्ट विसरलो. यंदा त्याला तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेले. डॉक्टर बाहेर निघण्याच्या घाईत होते. पूर्वी काही त्रास झाला होता का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मदतनिसाने दोन लसी एकदम टोचल्या, पैसे घेतले आणि आम्ही निघालो.

वीस मिनिटांत गाडीतच त्याला उलटी झाली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, मागचे पाय लुळे झाले. गाडी परत फिरवली, तर दवाखान्याला कुलूप. फोन केला, तेव्हा "लसीनं असं होतंच, थोड्या वेळानं उठेल," असे उत्तर मिळाले. खंड्या उठला नाही. दिवेलागणीला वडिलांनी बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरले. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

तो लसीमुळेच गेला, असे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. शवविच्छेदन केले नाही, लसीचा बॅच क्रमांक लिहून घेतला नाही. म्हणून संशय राहिला आणि निष्काळजीपणा झाला असूनही दाद मागायला हातात काही उरले नाही.

चौथ्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "तुझ्यासारख्या शिकलेल्याचं कुत्रं लसीनं मेलं, मग मी माझी बैलं कशाला टोचून घेऊ?" मला खंड्याच्या मरणाइतकेच हे बोलणे लागले. बंधूंनो, रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जनावर काय, माणूसही सहसा वाचत नाही. घटसर्पाने धडधाकट म्हैस एका दिवसात जाते. लसीची अशी तीव्र प्रतिक्रिया मात्र क्वचित येते आणि वेळीच इलाज झाला तर जनावर वाचू शकते. तेव्हा लस टाळू नका. पुढील काळजी घ्या.

१) आजारी, ताप असलेले किंवा फार अशक्त जनावर असल्यास आधी पशुवैद्यकांना दाखवा. पूर्वी लसीनंतर सूज, गांधी किंवा उलटी झाली असल्यास न विचारता सांगा. अशा जनावराला दोन लसी एकाच दिवशी द्याव्यात का, हेही विचारा.

२) लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. ती बर्फाच्या पेटीतून काढली का, मुदत संपली नाही ना, हे पाहा. लसीचे नाव, बॅच क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवा.

३) टोचल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबा. गावात शिबिर असेल, तर सर्व जनावरांवर नजर ठेवा व डॉक्टरांना लगेच जाऊ देऊ नका.

४) टोचल्या जागी थोडी सूज, किंचित ताप, एक-दोन दिवस दूध कमी होणे, हे बहुधा आपोआप बरे होते. परंतु तोंड सुजणे, धाप, वारंवार उलटी, हिरड्या पांढऱ्या पडणे, जनावर कोसळणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. यावर पशुवैद्यकांनी ताबडतोब द्यायचे औषध म्हणजे ॲड्रेनॅलिन. ते दवाखान्यात तयार आहे का, हे लस टोचण्यापूर्वीच विचारा. यात संकोच नको. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

५) जनावर दगावले तर पुरण्याची घाई करू नका. मृत शरीर सावलीत ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनाची मागणी करा. स्वतः मात्र ते फाडू नका. फाशीसारख्या रोगाचा संशय असेल तर तसे करणे जिवावर बेतते.

६) हयगय झाली असे वाटल्यास पावती व नोंदींसह राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. फी घेऊन दिलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. मात्र कागद हवा.

डॉक्टरांची चूक होती, तशी माझीही होती. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. आता मळ्यात नवे पिल्लू आले आहे. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची लस दिली. अर्धा तास दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो, वही हातात होती. त्यानंतर काकाही बैल घेऊन लसीकरणाला आले. आपणही यावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.