चित्रांतील गतकाल आणि मुलांचे प्रश्न
(ज्युबिली-महोत्सवाच्या सभेंत पालक व धर्मशिक्षक यांच्यापुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण सर्वच गतकालाचें स्मरण करीत आहों. परंतु हा गतकाल लहान मुलांस दाखवावा कसा? सनावळ्या पाठ करवून तो दिसत नाहीं. चित्रांत मात्र दिसतो. हें आम्हांस एका आठ वर्षांच्या मुलीनें शिकविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं, नाताळाच्या आधीं, आम्हीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका चित्राची प्रत नेली. पीटर ब्रूगल या फ्लेमिश चित्रकारानें १५६६ सालीं रंगविलेलें 'बेथलेहेम येथील शिरगणती' हें तें चित्र. मूळ चित्र ब्रुसेल्स येथील संग्रहालयांत आहे. "यांत पवित्र मरीया शोधा," असें आम्हीं सांगितलें. ती लौकर सांपडेना. कारण चित्रकारानें तिला गर्दींतल्या इतर माणसांसारखीच, गाढवावर बसलेली दाखविली आहे, आणि पुढें खांद्यावर करवत घेऊन संत योसेफ चालला आहे. इतक्यांत ती मुलगी म्हणाली, "फादर, बेथलेहेमांत एवढें बर्फ पडत होतें का?" आम्हीं तिला रागावून गप्प बसविलें.

त्या रात्रीं आम्हांस चैन पडेना. बेथलेहेमांत क्वचित् बर्फ पडतें खरें; परंतु चित्रांतलें गांव तेथलें नव्हेच! चित्रकारानें आपल्या देशांतलें, आपल्या काळचें खेडें काढलें होतें. मुलीनें तें ओळखलें, आम्हीं नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्हीं सर्व वर्गासमक्ष तिची क्षमा मागितली आणि तेंच चित्र पुनः मांडलें. या वेळीं आम्हीं इतकेंच विचारलें: "हीं माणसें काय करीत आहेत?" मग काय, मुलांची चढाओढ लागली! कोणास गोठलेल्या पाण्यावर घसरणारीं मुलें दिसलीं; कोणास डुक्कर मारून हिंवाळ्याची बेगमी करणारे गांवकरी; कोणास खाणावळीच्या खिडकीपाशीं कर भरावयास लोटलेली गर्दी. भिंतीवरील दोन डोक्यांचा गरुड हें तत्कालीन हाब्सबुर्ग राजसत्तेचें चिन्ह, हें आम्हीं सांगितलें. तेव्हां एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हे लोकही योसेफासारखेच सरकारी हुकुमानें आले!"

बंधूंनो, चित्र दोन साक्षी देतें. एक चित्रकार जाणून देतो. दुसरी त्याच्या नकळत उमटते. गोव्यांत जन्मलेले आणि पुण्यास राहिलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं मरीयेस साडी नेसविली. त्यांचीं चित्रें पवित्र मातेविषयीं बोलतात, तशींच आपल्या भूमीविषयींही बोलतात.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरांतलीं जुनीं चित्रें, लग्नाच्या तसबिरी अडगळींत टाकूं नका. मुलांस जवळ घेऊन त्या दाखवा. लुगडें, दागिने, मांडव, सारें त्यांस न्याहाळूं द्या. आणि मूल कांहीं विचारील, तर आमच्यासारखें त्यास गप्प करूं नका. उत्तर ठाऊक नसल्यास त्याच्यासह पुनः एकवार चित्राकडे पहा.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.